नातवाची पहिली रायफल

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा चौदा वर्षांचा नातू एक कागद घेऊन आमच्यापुढें येऊन बसला. कागदावर त्यानें स्वच्छ अक्षरांत यादी केली होती : आंखूड नळी, घडीचा दस्ता, मूठ, चाप, दुर्बीण. अमेरिकेंत हौशी लोक असे सुटे भाग निवडून घरच्या घरीं आंखूड नळीची रायफल जुळवितात, हें त्यानें मोबाईलवर पाहिलें होतें. "आजोबा, यांतला कोणता भाग आधीं घ्यावा?" असा त्याचा सरळ प्रश्न होता. त्याच्या आजीनें तो कागद पाहिला मात्र, "आपल्या घरांत बंदूक?" म्हणून कपाळास हात लाविला.

राजशेखरानें आपल्या काव्यमीमांसेंत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह ज्या वत्सगुल्मांत लाविला, तेंच हें आमचें वाशिम. येथील एका शाळेंत मुलांकडून शब्दरूपें घोकवून घेण्यांत आमचा जन्म गेला. बंदुकीचा आणि आमचा संबंध तो काय असणार? शिवाय एक जुनी जखम होती. आम्ही अकरा वर्षांचे असतांना आमच्या गलोलीचा खडा धाकट्या भावाच्या उजव्या डोळ्यास लागला आणि तो डोळा कायमचा गेला. तो भाऊ आजहि याच घरांत आमच्या पंक्तीस जेवतो. तेव्हांपासून नेम धरण्याची कोणतीहि वस्तु आम्हीं हातांत घेतली नाहीं. तथापि, प्रश्न पुरता ऐकून न घेतां मुलास गप्प बसविणें हें शिक्षकाचें काम नव्हे. म्हणून आम्हीं त्याच्याकडून आठ दिवस मागून घेतले आणि अभ्यासास बसलों.

प्रथम कायदा पाहिला. आंखूड नळीची रायफल वस्त्राखालीं सहज लपते, या भयानें खुद्द अमेरिकेनेंच १९३४ सालीं कायदा करून अशा बंदुकांची नोंदणी सक्तीची केली. तेथें १६ इंचांहून कमी नळीची रायफल या वर्गांत मोडते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें परवान्यावांचून बंदूक बनवितां येत नाहीं. बंदुकीचे सुटे भागहि कायद्याच्या दृष्टीनें बंदूकच होत. नळी कापून आंखूड करण्यास तर कलम ६ अन्वयें निराळा परवाना लागतो. हें सर्व नातवास वाचून दाखविलें. त्याचें तोंड उतरलें, परंतु त्यानें लगेच विचारिलें, "मग स्वप्निल कुसळे कसे शिकले?"

प्रश्न योग्य होता. कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या या शिक्षकपुत्रानें १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकांत ५० मीटर रायफलच्या त्रिस्थिति स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. १९५२ सालीं खाशाबा जाधवांनीं कुस्तींत मिळविलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस मिळालेलें हें दुसरें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिक येथें विश्वविजेत्या झाल्या, आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षीं, २०२२ सालीं, कैरो येथें १० मीटर हवाई रायफलचा विश्वविजेता झाला. ५० मीटरची बंदूक काडतुसाची असल्यामुळें तिला परवाना लागतो. परंतु नवशिक्याचा मार्ग बहुधा १० मीटरच्या हवाई रायफलीनेंच सुरू होतो. जिचें छिद्र ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि मुखशक्ति २० ज्यूलपर्यंत आहे, अशी हवेची बंदूक २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें परवान्यावांचून बाळगतां येते. म्हणून जुळवाजुळवीची हौसच असेल, तर ती या बंदुकीवर भागवावी, असें ठरवून आम्ही त्याला घेऊन नागपुरास एका सरावगृहांत गेलों.

तेथील शिक्षिका बाईंनीं यादी वाचली, हंसल्या, आणि म्हणाल्या, "गुरुजी, आधीं मूल मापा, मग बंदूक." त्यांनीं दोन तास जें समजावून सांगितलें त्याचा सारांश वाचकांस देतों, कारण आजकाल पुष्कळ घरांतून हा हट्ट ऐकूं येतो.

पहिला भाग दस्ता. दस्त्याची लांबी, खांद्यास टेकणारी पट्टी आणि गालाखालची उशी हीं तिन्ही मागेंपुढें व खालींवर करतां आलीं पाहिजेत. कारण मूल वाढतें, दस्ता वाढत नाहीं. मान न वांकवितां डोळा आपोआप दृष्टिछिद्रासमोर आला, म्हणजे दस्ता बसला असें समजावें. वजनाची कमाल मर्यादा ५.५ किलो आहे; परंतु ती मर्यादा आहे, आज्ञा नव्हे. किशोरवयीन मुलाच्या पाठीच्या कण्यास पेलेल तेवढेंच वजन घ्यावें.

दुसरा भाग नळी. येथें नातवाची आंखूड नळी त्याला अनपेक्षितपणें परत मिळाली! स्पर्धेच्या हवाई रायफलीची खरी नळी सुमारें ४२ सेंटिमीटरच असते. चाप ओढल्यावर छर्रा नळींत जितका अधिक काळ राहील, तितका हाताचा कंप त्यास अधिक बाधतो. म्हणून नळी आंखूड बरी. परंतु मागचें आणि पुढचें दृष्टिसाधन यांत अंतर जितकें जास्त, तितकी नेमांतील चूक लवकर दिसते. म्हणून नळीच्या पुढें एक पोकळ नलिका जोडून तिच्या टोंकास पुढचें कडें बसवितात. ही लांबीहि मोकाट नाहीं : यंत्राच्या मागल्या टोंकापासून नलिकेच्या मुखापर्यंत ८५० मिलिमीटरची मर्यादा आहे.

तिसरा भाग दृष्टिसाधनें. दुर्बिणीस या स्पर्धेंत मज्जाव आहे. मागें बारीक छिद्र आणि पुढें कडें, एवढेंच. नवशिके लहान कडें निवडतात आणि फसतात. काळ्या वर्तुळाभोंवतीं पांढरी किनार मोकळी दिसेल इतकें मोठें कडें घ्यावें. लक्ष्याच्या मध्यबिंदूचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर! द्रोणाचार्यांच्या परीक्षेंत अर्जुनास पक्ष्याच्या मस्तकाखेरीज कांहीं दिसेना. येथें तर तो बिंदुहि डोळ्यास दिसत नाहीं. कड्याच्या मधोमध काळें वर्तुळ स्थिर धरावें, एवढेंच हातीं असतें.

चौथा भाग चाप. तो दोन टप्प्यांचा असावा, आणि आरंभीं फार हलका ठेवूं नये. नाहीं तर मनानें होय म्हणण्यापूर्वींच बोट होय म्हणतें. पांचवा भाग हवेची नळकांडी. हींत साधारण २०० बार इतक्या दाबानें हवा भरतात, आणि निर्मात्यानें दिलेलें तिचें आयुष्य दहा वर्षांचें असतें. जुनी बंदूक स्वस्तांत मिळत असेल, तर आधीं नळकांडीवरील तारीख वाचावी. सहावा भाग छर्रे. ते सपाट तोंडाचे असावेत, म्हणजे कागदास स्वच्छ गोल भोंक पडतें. बंदूक शिकंज्यांत धरून निरनिराळ्या डब्यांतील छर्रे मारून पाहावे आणि जे एकाच ठिकाणीं पडतील ते घ्यावे. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर हात साबणानें धुतल्यावांचून खाण्यास शिवूं नये. जाड अंगरखा आणि बूट मूल वाढतें आहे तोंवर उसने वापरावे.

शेवटीं किंमत विचारिली. परदेशी स्पर्धेची रायफल लाखांच्या घरांत जाते, हें ऐकून आम्ही स्तब्ध झालों. काशीयात्रेकरितां आम्हां उभयतांची जी शिल्लक होती, तिच्यांत कदाचित् भागलें असतें. परतीच्या गाडींत नातू एक अक्षर बोलला नाहीं.

घरीं सर्वांसमक्ष विषय निघाला. सूनबाईंस अभ्यासाची चिंता, आजीस शस्त्राची. आम्ही निर्णय करूं शकलों नाहीं. तेव्हां आमचा भाऊ म्हणाला, "दादा, माझा डोळा गलोलीनें नाहीं गेला. मी आंब्यामागें उभा आहें हें तूं पाहिलें नव्हतेंस, म्हणून गेला. पाहावयास शिकवीत असतील, तर जाऊं दे त्याला." पन्नासांहून अधिक वर्षांत या विषयावर तो प्रथमच बोलला. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दशरथानेंहि शरयूतीरीं शब्दावर बाण सोडला तो न पाहतांच. धड्याच्या निमित्तानें ही कथा आम्हीं किती वर्षें सांगितली, आणि ती आपल्या घरची आहे हें कळण्यास इतका काळ लागला!

निर्णय असा झाला. एक वर्षपर्यंत बंदूक घ्यावयाची नाहीं. सुट्यांत नागपुरास मावशीकडे राहून सरावगृहाच्याच रायफलीवर शिकावयाचें. नळीचें तोंड सदैव लक्ष्याकडे. बोट नेम धरीपर्यंत चापाबाहेर. सूचना मिळेपर्यंत बंदूक रिकामी. आणि पक्षी, कुत्रें, माणूस यांकडे गंमतीनेंहि रोखावयाची नाहीं. यांतला एक नियम मोडला तर शिक्षण बंद. नातवानें हे नियम स्वतःच्या हातानें लिहून खालीं सही केली. साक्षीदार म्हणून चुलत आजोबांची सही त्यानेंच मागितली.

स्पर्धेंत ७५ मिनिटांत ६० छर्रे मारावयाचे असतात, म्हणजे प्रत्येकास सव्वा मिनिट. नातू सध्यां एका बैठकींत वीसच मारतो, आणि श्वास कोठें रोखला हें दर छर्र्यापुढें वहींत लिहितो. जुन्या यादीचा कागद त्याच वहींत आहे. तीवर त्यानें दुर्बीण खोडली असून सर्वांच्या वर "मान, खांदा, हात : मापें दर सहा महिन्यांनीं" असें लिहिलें आहे. काशीयात्रेची शिल्लक अद्याप शाबूत आहे. परंतु वर्ष संपल्यावर ती कोणत्या कामीं लावावी, हा विचार हल्लीं आमच्यापेक्षां त्याच्या आजीच्याच मनांत अधिक घोळत असतो.