प्रत्येक शंभर मीटरची चव

एका किलोला 30,204 डॉलर! ऑगस्ट 2025 मधल्या लिलावात पनामाच्या हासिएंदा ला एस्मेराल्दा मळ्यातल्या गेशा जातीच्या कॉफीला हा भाव मिळाला. रुपयांत साधारण 26 लाख. एका कपाला 15 ग्रॅम धरले, तर भाजणीतली घट न मोजताही कपामागे खर्च 40 हजारांच्या घरात जातो.

या भावात नावलौकिकाचा आणि हौसेचा वाटा मोठा आहे, पण चव खरी आहे, आणि तिचा हिशेब उंचीपासून सुरू होतो. मूळची इथिओपियाची ही जात 1960 च्या दशकात पनामात आली आणि पुढची चाळीसएक वर्षं कुणाच्या फारशी नजरेत भरली नाही. 2004 मध्ये मळ्याच्या मालकांनी, पीटरसन कुटुंबाने, प्रत्येक तुकड्यातली कॉफी वेगळी काढून चाखली, तेव्हा जाईजुईचा दरवळ आला तो उंचावरच्या झाडांतून. ही झाडं 1,600 मीटरच्या आसपास आणि त्याहून वर वाढतात. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई आहे 1,646 मीटर. इथिओपियातल्या यिर्गाचेफे भागात तर 2,000 मीटरवरही कॉफी पिकते. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी साडेतीनशे मीटर चढायचं, तेव्हा कुठे मळा लागायचा.

उंचीवर असं घडतं तरी काय? दर 100 मीटरला हवा सरासरी 0.65 अंशाने थंडावते. किनाऱ्यावर 27 अंश असेल, तर 1,000 मीटरवर साडेवीसच्या आसपास. अरेबिकाला वर्षाची सरासरी 18 ते 22 अंश मानवते. गारव्यात फळ सावकाश पिकतं. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत अरेबिकाला एरवी सहा ते नऊ महिने लागतात. थंड उतारावर हा काळ लांबतो आणि बी भरायला जास्त अवधी मिळतो. बी घट्ट होते, कपात आंबटगोड चव आणि सुगंध स्पष्ट उतरतात. म्हणूनच ग्वाटेमालात साधारण 1,350 मीटरच्या वरच्या कॉफीची प्रतवारीच ‘अतिशय कठीण बी’ अशी होते.

पण खरं काम गारव्याचं आणि त्यातून मिळणाऱ्या वेळेचं. मीटर हे त्याचं केवळ माप. हवाईतला कोना भाग मुंबईप्रमाणेच 19 अंश अक्षांशावर आहे. तिथली नावाजलेली कॉफी 150 ते 900 मीटरवर पिकते, कारण विषुववृत्तापासूनचं अंतर आणि दुपारचे ढग तिला गारवा पुरवतात. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याची कॉफीही 21 अंशांवर, सुमारे 1,100 मीटरवर वाढते. तिला यिर्गाचेफेच्या मीटरांनी मोजणं अन्यायाचं ठरेल.

आता हेच गणित उलटं मांडू. 100 मीटरला 0.65 अंश, तर हवा एक अंशाने तापली की तोच गारवा शोधायला दीडशे मीटर वर जावं लागतं. दोन अंशांनी तापली, तर तीनशे. डोंगर मात्र वर निमुळता होत जातो. 2,000 मीटरचा सरळ शंकू कल्पा. 1,000 मीटरच्या वर जेवढी जमीन आहे, तिच्यातली 1,300 च्या वर उरते जेमतेम निम्मी. 1,500 च्या वर फक्त चौथा हिस्सा. तीनशे मीटरांची चढण अर्धा मळा गिळते! 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाचाही अंदाज असाच होता: हवामानबदलामुळे कॉफीला योग्य जमीन शतकाच्या मध्यापर्यंत निम्म्यावर येऊ शकते. बाबा बुदान यांनी येमेनहून सात बिया आणून ज्या डोंगररांगेत लावल्याचं परंपरा सांगते, त्या रांगेतलं मुळ्ळयनगिरी हे कर्नाटकातलं सर्वोच्च शिखरही 1,930 मीटरवर संपतं. त्यापुढे चढायला डोंगरच नाही.

उंची कुणाला वाढवता येत नाही. वेळ मात्र थोडा मिळवता येतो. कोस्टा रिकात 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात झाडांवर सावली धरली, तेव्हा फळ पिकायला एक महिन्यापर्यंत जास्त अवधी लागला, बी मोठी झाली आणि चव सुधारली. मात्र उत्पन्न घटलं. कर्नाटकातले शेतकरी कॉफी पिढ्यानपिढ्या मोठ्या झाडांच्या सावलीतच वाढवत आले आहेत. तेव्हा पाकिटावर 1,200 मीटर वाचून नाक मुरडू नये. मळा कुठल्या अक्षांशावर आहे, सावली किती आहे, फळं पिकल्यावरच खुडली का, हे विचारावं. आणि उत्तर मनासारखं मिळालं, तर सावलीपायी घटलेल्या उत्पन्नाची भरपाई होईल असा दाम मोकळ्या हाताने द्यावा. तसा दाम मिळाला, तरच शेतकऱ्याला ती सावलीची झाडं राखणं परवडेल.