नकाशावाचनाचा पहिला धडा

भिंतीवर टांगलेल्या नकाशापासून भूगोलाचा आरंभ करणें ही मराठी शाळांतील जुनी रूढि होय. त्यामुळें उत्तर म्हणजे छताची बाजू, असा मुलाचा समज होतो. मग उत्तरेस वाहणारी नदी वर कशी चढते, हा प्रश्न त्यास पडतो. प्रश्न मुळींच मूर्खपणाचा नाहीं. दोष खिळ्याचा आहे. आणि ही उणीव शाळेपुरती राहत नाहीं. धरणाची वा रस्त्याची आखणी गांवांत येते, तेव्हां नकाशा न समजणारा शेतकरी दुसऱ्याच्या सांगण्यावरून सही करतो.

नकाशा प्रथम जमिनीवर पसरावा. अंगणांत सरळ काठी रोवून माध्यान्हींची सर्वांत आखूड सावली पाहावी. ती उत्तर दाखविते. (हिंगोली सुमारें १९ अंश ४३ कला अक्षांशावर असल्यानें सुमारें २० मेपासून २४ जुलैपर्यंत हीच सावली दक्षिणेस पडते, हें शिक्षकानें विसरूं नये.) त्या रेषेशीं नकाशाची उत्तर जुळविली, कीं कागदावरील औंढा आणि खरें औंढा एकाच दिशेस येतात.

प्रमाण शिकविण्यास वर्गखोली पावलांनीं मोजून तिचा नकाशा मुलांकडूनच काढवावा. मग भारतीय सर्वेक्षण विभागाचें १ : ५०,००० प्रमाणाचें पत्रक द्यावें, त्यांत २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. वळणाच्या रस्त्यावर दोरा ठेवून तो फूटपट्टीवर मोजावा. नुसत्या पट्टीनें मिळतें तें अंतर कावळ्याचें, बैलगाडीचें नव्हे.

समोच्चरेषा मात्र बहुतेक वर्गांत केवळ व्याख्येनें उरकल्या जातात. घमेल्यांत ओल्या मातीचा डोंगर करावा, एक बाजू उभी, दुसरी उतरती ठेवावी, आणि तिच्यावर ओढ्याची एक घळ कोरावी. बोटभर पाणी ओतून कांठाशीं काडीनें रेघ ओढावी. पुन्हां बोटभर, पुन्हां रेघ. पाणी हळूच काढून वरून पाहिल्यास उभ्या बाजूला रेघा दाटलेल्या व उतरत्या बाजूला विरळ दिसतात. घळींत त्या ओढ्याच्या उगमाकडे टोंक करून वळतात. एवढें पाहिलेल्या मुलास व्याख्या पाठ करावी लागत नाहीं.

पर्जन्याच्या स्तंभालेखांत उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो कीं नाहीं, हें आधीं पाहण्याची संवय लावावी, तेवढें पुरे.

नकाशाची तारीखही वाचावयाची असते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. त्यापूर्वींच्या नकाशांत ती सीमा नाहीं. त्याहून जुन्या पत्रकांत सिद्धेश्वर धरणाचा जलाशयही दिसत नाहीं. सीमा माणसें हलवितात, पण चढउतार फारसा हलत नाहीं.

म्हणून पुढचा पाठ पाण्याचा असावा. पूर्णा व कयाधू यांमधील उंच पट्ट्याच्या माथ्यावर दोन मुलांनीं बोटें ठेवावींत. एकाचें बोट पूर्णेनें गोदावरींत व नांदेडवरून पुढें जातें. दुसऱ्याचें कयाधूनें पैनगंगेंत, तेथून वर्धा व प्राणहिता करीत लांबचा फेरा घेतें. सिरोंच्याजवळ दोन्हीं बोटें पुन्हां भेटतात. त्यानंतर शाळेमागच्या ओढ्याचें पाणी कोणत्या बोटाचें, हें मुलांनीं पत्रकावर शोधावें, आणि रविवारीं ओढ्याच्या कांठानें चालत जाऊन पडताळावें.