जासई आणि वाइतांगी

जानेवारीच्या १६ तारखेस उरण तालुक्यातील जासईच्या परिसरात, दास्तान फाट्यापाशी, आणि दुसऱ्या दिवशी पागोटे येथे जो समुदाय जमतो, त्याला शोकसभा म्हणावे की मागण्यांचा दरबार, असा प्रश्न तिऱ्हाइताला पडणे साहजिक आहे. हुतात्म्यांच्या तसबिरींना हार घातले जातात, पुढाऱ्यांची भाषणे होतात, आणि श्रद्धांजलीची वाक्ये संपता संपताच हिशेबाला आरंभ होतो: कोणाचे भूखंड अद्याप ताब्यात आले नाहीत, कोणत्या गावठाणातील घरे अजून बेकायदा ठरतात, येथल्या नव्या विमानतळाला शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील यांचे नाव कधी लागणार. १९८४ साली याच दोन दिवशी, मुंबईचे जुळे शहर वसवणाऱ्या सिडको या महामंडळासाठीच्या भूसंपादनाविरुद्ध उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच जण प्राणास मुकले. कळंबोलीच्या इमारतींतून राहणाऱ्या आम्हां मंडळींपैकी बहुतेकांस ही तारीख ठाऊक नसते. ज्या जमिनीवर आमची घरे उभी आहेत तिच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची तारीख आहे, एवढे म्हटले तर मात्र अतिशयोक्ती होणार नाही.

१६ जानेवारीनंतर बरोबर तीन आठवड्यांनी, ६ फेब्रुवारीस, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडमध्ये एक संपूर्ण राष्ट्र अशाच एका दिवसासाठी सुटी घेते. त्या दिवसाची हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही, म्हणून ती किंचित विस्ताराने सांगतो.

१८४० सालच्या जानेवारीच्या अखेरीस कॅप्टन विल्यम हॉब्सन हा इंग्रज राणीचा मुखत्यार न्यूझीलंडच्या उत्तर किनाऱ्यावर उतरला. त्या बेटांचे मूळ रहिवासी जे माओरी, त्यांच्या सरदारांशी तह करून सत्ता संपादन करावी, असा त्याला हुकूम होता. तहनाम्याचा मसुदा अवघ्या काही दिवसांत सिद्ध झाला. हेन्री विल्यम्स नावाच्या मिशनऱ्याने आपल्या मुलाच्या साह्याने एका रात्रीत त्याचे माओरी भाषांतर केले. ५ फेब्रुवारीस वाइतांगी येथे सरदारांची दिवसभर खडाजंगी झाली, आणि ६ तारखेस सह्यांना प्रारंभ झाला. पहिली सही होने हेके या सरदाराची होती. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांपैकी अनेकांनी आपल्या चेहऱ्यावरील गोंदणाच्या आकृतीचा एखादा भाग कागदावर रेखाटला. पुढे काही महिने तहनाम्याच्या नकला किनाऱ्याकिनाऱ्याने फिरल्या आणि पाचशेहून अधिक सरदारांची संमती नोंदली गेली. त्यांत काही स्त्रियाही होत्या. मात्र यांपैकी बहुतेकांनी माओरी मसुद्यावर सही केली, इंग्रजीवर अवघ्या एकोणचाळिसांनी. आणि इंग्रजी मसुद्यात जिथे संपूर्ण सार्वभौमत्व राणीकडे जात होते, तिथे माओरी मसुद्यात केवळ राज्यकारभार जात होता, सरदारी आणि भूमी जागच्या जागी राहत होती.

तहातील आणखी एक कलम आपल्या वाचकाने विशेष लक्षात ठेवावे. माओरींना जमीन विकायची झाल्यास ती घेण्याचा पहिला अधिकार सरकारचा, असे त्यात ठरले होते. जमिनीच्या सट्टेबाजांपासून संरक्षण, असे त्याचे समर्थन करण्यात आले. व्यवहारात गिऱ्हाईक एकच उरल्यामुळे सरकारने स्वस्तात जमीन घ्यावी आणि वसाहतकऱ्यांस महाग विकावी, असा क्रम सुरू झाला. ज्या होने हेकेने प्रथम सही केली त्यानेच सुमारे पाच वर्षांत इंग्रजांचा ध्वजस्तंभ वारंवार तोडून युद्ध पुकारले. पुढे १८६० नंतरच्या दशकात लढाया झाल्या, १८६३ च्या कायद्याने लाखो एकर जमीन जप्त झाली, आणि १८७७ साली सरन्यायाधीश प्रेंडरगास्ट याने तह कायद्याच्या दृष्टीने शून्यवत आहे, असा निवाडा दिला. खुद्द तहाचा कागद सरकारी कचेरीच्या तळघरात पडून होता. १९०८ साली तो हाती लागला तेव्हा उंदरांनी त्याचे काठ कुरतडून टाकलेले होते. दप्तराच्या गैरव्यवस्थेची तक्रार केवळ आपल्याच मुलखात असते असे समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

ज्या कागदाला त्याच्या कर्त्यांनीच रद्दी ठरवले होते, त्याचा उत्सव कसा सुरू झाला, ही मोठी उद्बोधक कथा आहे. १९३२ साली गव्हर्नर-जनरल लॉर्ड ब्लेडिस्लो याने जिथे तह झाला ती वाइतांगीची वास्तू व भूमी विकत घेऊन राष्ट्राला अर्पण केली. १९३४ साली पहिला समारंभ झाला. १९४० च्या शताब्दीसाठी तिथे माओरी कोरीवकामाचे सभागृह उभे राहिले आणि कौरी वृक्षांच्या खोडांतून कोरलेली ३५ मीटर लांबीची युद्धनौका पाण्यात लोटण्यात आली. १९७४ पासून हा दिवस सार्वजनिक सुटीचा झाला. आज पहाटे त्या सभागृहात प्रार्थना होते, वल्ही मारणाऱ्या तरुणांच्या घोषांत होड्या निघतात, गावोगावच्या मैदानांत हाका नृत्याचे सूर घुमतात, पोरांना माओरी विणकाम शिकवले जाते आणि जमिनीतील भट्टीत शिजवलेले अन्न वाटले जाते. परंतु त्याच मैदानावर दरवर्षी निषेधाचे फलकही असतात, आणि पंतप्रधानाला तोंडावर चार खडे बोल ऐकून घ्यावे लागतात. मला या दिवसाचे खरे वैभव यातच वाटते. राज्यकर्त्यांनी केवळ गोड स्वागत स्वीकारून परतावे अशी त्याची रचनाच नाही.

निषेधाला फळही आले आहे. १९७५ साली फिना कूपर या वृद्ध माओरी स्त्रीने उत्तरेच्या टोकापासून राजधानी वेलिंग्टनपर्यंत जमिनीसाठी पदयात्रा नेली. त्याच वर्षी वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झाले, आणि १९८५ साली त्याला थेट १८४० पासूनच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार मिळाला. १९९५ साली वायकातो जमातीशी १७ कोटी डॉलरचा समझोता झाला, तेव्हा त्यासाठीच्या कायद्यावर राणी एलिझाबेथने स्वतः सही केली आणि कायद्याच्या मजकुरातच माफी लिहिली गेली. तहाचा अर्थ संकुचित करू पाहणारे विधेयक २०२४ मध्ये आले, त्या वेळी संसदेसमोर चाळीस हजारांवर माणसे जमली. एप्रिल २०२५ मध्ये ते ११२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळले गेले.

आता आपल्या खाडीकाठी परत येऊ. मुंबईला जुळे शहर उभारावे ही कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळ, अस्तित्वात आले. आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी या शहरासाठी मुक्रर झाली. कळंबोली, रोडपाली, खिडुकपाडा ही त्यांपैकीच गावे. येथला आगरी शेतकरी समुद्राचे पाणी बांध घालून अडवणारा, खारजमिनीत भात आणि मिठागरात मीठ पिकवणारा. जुन्या अमदानीत अशी खाजणे लागवडीस आणणाऱ्याला सरकार कौल देत असे आणि काही वर्षे साऱ्यात सूट मिळे. म्हणजे राज्यसत्तेशी लेखी करार करण्याची रीत या माणसांना नवी नव्हती.

यावेळी मात्र करार झालाच नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्याची कार्यपद्धती अशी होती की, पहिली अधिसूचना ज्या दिवशी निघेल त्या दिवसाचा बाजारभाव हाच मोबदल्याचा आधार. अधिसूचना निघायची, मग मोजणी, हरकती, निवाडा यांत वर्षे लोटायची, आणि तोवर शेजारच्या वाशीत भूखंडांचे भाव कोठल्या कोठे गेलेले असायचे. शेतकऱ्याच्या पदरात पडायचा तो जुना भाव. येथेही गिऱ्हाईक एकच होते, आणि विकायचे की नाही हे ठरवण्याचीही मुभा नव्हती. जासईत जन्मलेले वकील दि. बा. पाटील, शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी आणि पनवेलचे पाच वेळचे आमदार, यांनी या अन्यायाला संघटित रूप दिले. वसंतदादा पाटलांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात १९८४ च्या जानेवारीत शासनाने बळाने ताबा घेण्याचे ठरवले, स्त्रीपुरुष रस्त्यावर उतरले, आणि वर सांगितलेला प्रसंग घडला.

त्या रक्तानंतर कागद आला. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा मूळ खातेदाराला परत देण्याची योजना १९९० आणि १९९४ च्या शासन-निर्णयांनी आकारास आली. न्यूझीलंडमध्ये आधी कागद झाला आणि मग रक्त सांडले. येथे क्रम उलट झाला, आणि माझ्या मते दोन्हीकडच्या स्मरणदिनांच्या वृत्तीतील भेद यातून निपजतो. तिकडचा माणूस कागद दाखवून म्हणतो, हे तुम्ही कबूल केले होते. इकडचा माणूस तसबिरी दाखवून म्हणतो, हे आम्ही मोजून दिले आहे. साडेबारांतूनही सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कपात होऊन हातात पावणेनऊच येतात, वारसांचे तंटे आणि दलालांचे जाळे यांत अनेकांचा भूखंड कागदावरच विकला जातो, हा भाग वेगळा. तरीही पुढे विमानतळासाठी जमीन घेताना साडेबावीस टक्के देणे शासनास भाग पडले, त्याचा पाया जासईतच घातला गेला.

या प्रदेशाला असे दिवस पाळण्याची सवय जुनी आहे. उरणजवळच्या चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात अक्कादेवीच्या माळावर गोळीबार झाला, त्याचे स्मरण दरवर्षी होते. अलिबागेकडील चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप १९३९ पर्यंत चालला. त्याचाही दिवस पाळला जातो. जंगल, खोती, भूसंपादन: तिन्ही प्रसंगी वाद जमिनीचा, आणि तिन्ही प्रसंगी उभ्या राहणाऱ्यांत बहुसंख्य आगरीच.

संस्कृतीच्या बाबतीत मात्र आपली वाट वेगळी झाली. वाइतांगीच्या मैदानावर गाणे आणि गाऱ्हाणे एकत्र नांदतात. येथे ती विभक्त झालेली आहेत. जासईला शोक आणि मागण्या. गाणी, पाककृती, नृत्ये ही डोंबिवलीच्या आगरी महोत्सवात किंवा नेरूळच्या आगरी-कोळी महोत्सवात, रोषणाईच्या कमानीखाली. तिथे तांदळाच्या भाकरीबरोबर सुकट, बोंबील, जिताड्याचे कालवण यांचा आस्वाद घेणाऱ्या शहरी पाहुण्याला, ही भाकरी ज्या खारशेतीतली ती शेती गेली कुठे, असा प्रश्न सुचण्याचे कारण राहत नाही. आगरी विवाहात धवलारीण नावाची वृद्धा विधींच्या प्रत्येक टप्प्यावर धवले गाते. तिच्या मुखातील गाण्यांत हळद, तांदूळ, मांडव, विहीर, बांध असा सारा मुलूख येतो. बांध बुजले, विहिरीवर इमारत आली, आणि धवलारीण मिळणेही दुर्मीळ झाले. महोत्सवाच्या मंचावर तिला मानाने बसवतात हे चांगलेच. परंतु मंचावरचा धवला हा लग्नातला धवला नव्हे, हे तिच्याइतके कोणालाच कळत नसेल.

जासईची सभा ज्या हिवाळ्यात भरते त्याच हिवाळ्यात रायगडात पोपटीचा हंगाम असतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी भरून, तोंड पाल्यानेच बंद करून मडके पालथे घालतात आणि भोवती पालापाचोळ्याचा जाळ करतात. वाइतांगीच्या दिवशीची जमिनीतील भट्टी म्हणजे माओरी हांगी. तीत खड्ड्यात तापवलेल्या दगडांवर मांस आणि कंद ठेवून वरून माती लोटतात आणि काही तास वाट पाहतात. दोन्हींत तेल फारसे लागत नाही, आणि दोन्ही पदार्थ एकट्यादुकट्याने करण्याचे नव्हेत. सहल म्हणून पोपटीला आलेली शहरी मंडळी शेताच्या मालकाचे आभार मानून जातात. पनवेल-उरणकडे असे मालक आणि असे शेत उत्तरोत्तर विरळ होत आहे.

पोलाद बाजार, ट्रकांची वर्दळ आणि द्रुतगती मार्गाचे तोंड यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या आमच्या कळंबोलीत या इतिहासाचा सर्वांत ठळक पुरावा एका रूक्ष दस्तऐवजात सापडतो. सिडकोने जमीन विकली नाही, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. ज्याची वडिलोपार्जित मालकी सातबाऱ्यावर होती त्या शेतकऱ्याला साडेबारा टक्क्यांचा भूखंड परत मिळाला तोही पट्ट्यानेच. आणि कर्ज काढून घर घेणाऱ्या कारकुनाला, शिक्षकाला, ट्रकमालकालाही त्याखालची जमीन पट्ट्यानेच मिळाली. मुदत वाढवण्याचे, जमीन पूर्ण मालकीने देण्याचे निर्णय अधूनमधून जाहीर होतात. त्यांची शुल्के, अटी आणि अंमलबजावणी यांवर वाद चालू राहतो. त्यामुळे भूमिपुत्र आणि नवा रहिवासी यांची पूर्ण मालकीची मागणी नकळत समान झाली आहे. जासईच्या सभेत ती मागणी दरवर्षी मांडली जाते, आणि आमच्या सोसायट्यांच्या वार्षिक सभांतूनही मांडली जाते. दोन्ही सभांचे इतिवृत्त मात्र अजून वेगवेगळ्या वह्यांत लिहिले जाते.