तोब्रुकला पकडलेले आजोबा

मोडनिंब स्टेशनातून बार्शी लाईटच्या अडीच फुटी रुळांवरची गाडी 1940च्या सुमारास मिरजेपर्यंत जात असे. मिरजेला गाडी बदलली की बेळगाव. तिथे मराठा लाईट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र होते. माढा-पंढरपूर भागातल्या ज्या तरुणाने पलटणीची वाट धरली, त्याला हा रस्ता सोयीचा होता. पुढे तो कुठे पोहोचला, हे त्याच्या नातवंडांना माहीत असतेच असे नाही. घरात उरते ती ट्रंकेतली पदके आणि ‘आजोबा लढाईला गेले होते’ एवढे एक वाक्य.

त्या वाक्यामागे पुष्कळदा तोब्रुक असते. लिबियातले हे बंदर 21 जून 1942 रोजी जर्मन-इटालियन सैन्याच्या हाती पडले आणि सुमारे 33 हजार सैनिक कैद झाले. त्यात पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती. आदल्या दिवशी जर्मन सेनापती रोमेलचा मुख्य घाव पडला तो याच पलटणीच्या मोर्च्यावर. तोब्रुकभोवतीचे बरेच भूसुरुंग आधीच काढून दुसरीकडे नेलेले होते. पहाटे विमाने बॉम्ब टाकून गेली आणि मागून रणगाडे आत घुसले. शिपायांना पराभवाचे धनी ठरवणे अन्यायाचे आहे.

कैद्यांना समुद्रापार इटलीत नेण्यात आले. अवेझ्झानोच्या छावणीत मुख्यतः भारतीय होते. लंडनच्या ‘इंडियन कम्फर्ट्स फंड’ने रेडक्रॉसमार्फत पाठवलेल्या पुड्यांत आटा, डाळ आणि तूप येई. 8 सप्टेंबर 1943 रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली, पाठोपाठ जर्मनांनी तो देश व्यापला आणि खरी परीक्षा सुरू झाली. कित्येक कैद्यांना रेल्वेच्या बंद डब्यांतून जर्मनीकडे नेले गेले. बाकीचे डोंगरात पळाले. कैदी पकडून देणाऱ्याला 1,800 लिरांचे इनाम होते, लपवणाऱ्याला मरणाची शिक्षा. तरीही गरीब शेतकऱ्यांनी, ज्यांची भाषाही येत नव्हती अशा परक्यांना गोठ्यात झोपवले आणि आपल्या भाकरीतला वाटा दिला. फ्रान्समध्ये एपिनालच्या छावणीवर 11 मे 1944 रोजी अमेरिकन बॉम्ब पडले. भिंती कोसळल्या, आणि तिथले शेकडो भारतीय कैदी जर्मनव्याप्त मुलखातून पायी चालत स्वित्झर्लंडला पोहोचले.

एवढे भोगलेली माणसे गप्प का राहिली? कैद होणे हा पलटणीत कमीपणा मानला जाई. जर्मनीत भारतीय कैद्यांमधूनच सुभाषबाबूंसाठी ‘आझाद हिंद’ची फौज उभी राहिली होती, त्यामुळे युद्ध संपल्यावर फौजेत गेलेल्यांची चौकशी झाली. आग्नेय आशियात पकडलेल्यांची तर ‘व्हाइट’, ‘ग्रे’ आणि ‘ब्लॅक’ अशी वर्गवारी करण्यात आली. ‘ब्लॅक’ ठरलेल्याची नोकरी गेली, थकलेला पगारही बुडाला. अशा माणसाने गावात तोंड मिटून राहणे स्वाभाविक होते. स्वातंत्र्यानंतर इंग्रजांच्या नोकरीची गोष्ट ऐकायला फारसे कोणी उत्सुकही नव्हते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले. त्यांची कहाणी शांतारामबापूंच्या 1946च्या चित्रपटाने घरोघरी पोहोचवली. साध्या शिपायाला असा सांगणारा मिळाला नाही.

शोधाची सुरुवात घरातूनच होते. आफ्रिका स्टार हे सहा टोकांचे पदक असते. त्याची फीत वाळूच्या रंगाची, मध्ये रुंद तांबडा पट्टा आणि बाजूंना गडद व फिकट निळ्या रेघा. ते सापडले की माणूस आफ्रिकेच्या आघाडीवर होता हे कळते. पत्रावर ‘क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट’ असे छापलेले असेल, तर ते जर्मन कैदेतून आलेले आहे. सर्वांत मोलाचे म्हणजे डिस्चार्जच्या कागदावरचा शिपाई नंबर. एकाच नावाची अनेक माणसे पलटणीत असत, म्हणून नावावरून शोध अडतो. नंबराने पुढे सरकतो. हा नंबर घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि बेळगावच्या मराठा केंद्राकडे विचारणा करता येते. जीनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे युद्धकैद्यांच्या नोंदी आहेत. इटलीत आसरा देणाऱ्यांना भरपाई देण्यासाठी दोस्त राष्ट्रांनी आयोग नेमला होता. त्याची कागदपत्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वाळवंटात पडलेल्या आणि थडगे नसलेल्यांची नावे इजिप्तमधल्या अलामेन स्मारकावर कोरलेली आहेत.

ज्यांच्या घरी अशी ट्रंक आहे, त्यांनी ती या दिवाळीच्या आवराआवरीत भंगारात देण्याआधी एकदा उघडावी, कागदांचे फोटो काढावेत, आणि घरात आजी असेल तर तिला आजच विचारावे.