रडीचा डाव नव्हे, कच्चा लिंबू!

अंगणात लपंडाव किंवा विषामृत रंगात आले की मोठ्या मुलांच्या मागे एखादे चार-पाच वर्षांचे मूलही धावू लागते. त्याला खेळातून घालवून द्यायचे नसते. पण त्याच्यावर राज्य आले तर ते रडकुंडीला येणार, हेही सर्वांना ठाऊक असते. मग कोणीतरी जाहीर करते, ‘हा कच्चा लिंबू!’ त्यानंतर ते मूल धावते, लपते, मनसोक्त खेळते. मात्र त्याच्यावर राज्य येत नाही. याला कोणी लबाडी म्हणत नाही. उलट, हरू लागताच नियम फिरवणाऱ्या भिडूला ‘रडीचा डाव खेळू नकोस’ असे तोंडावर सुनावले जाते. सवलत आणि लबाडी यांतील हा भेद आपल्या भाषेने अंगणातच शिकवून ठेवला आहे.

व्हिडिओ गेमच्या जगात मात्र या दोन्ही गोष्टींना ‘चीट’ हा एकच शब्द चिकटला. त्याचा तोटा ज्येष्ठांना अधिक होतो. नातवंडांच्या आग्रहाखातर आजी टॅब्लेट हाती घेतात, तीनदा खड्ड्यात पडतात आणि ‘हे आमच्या वयाचे नव्हे’ म्हणून तो बाजूला ठेवतात. सोपी पातळी सुचवली, तर ‘फसवून जिंकण्यात काय अर्थ?’ असे म्हणून नकार देतात. वरवर पाहता हा प्रश्न खेळाचा. प्रत्यक्षात तो नातवंडासोबतच्या अर्ध्या तासाचा आणि स्वतःविषयीच्या आदराचा असतो.

मंदावतो तो हात, बुद्धी नव्हे

वय वाढते तसा दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद देण्याचा वेग कमी होतो. जवळचे बारीक अक्षर धूसर होते, पार्श्वसंगीतात मिसळलेले बोलणे नीट कळत नाही, अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तर बटण दाबून धरणे त्रासाचे ठरते. काहींच्या हाताला कंपही असतो. याउलट शब्दसंपत्ती, अनुभवातून आलेली समज आणि सामान्य ज्ञान बऱ्याच अंशी टिकून राहतात. अनेक लोकप्रिय खेळ नेमकी पहिल्या यादीची परीक्षा घेतात. त्यामुळे त्यांतील अपयश हे बहुधा बोटांच्या वेगाचे अपयश असते. वाचनासाठी चष्मा लावणारा माणूस अक्षरांना फसवत नाही; खेळाचा वेग कमी करून घेणारा खेळाडूही कोणाला फसवत नाही.

वयोमर्यादेविषयीचा समज तर जपानच्या हामाको मोरी यांनी केव्हाच मोडीत काढला. १९३० साली जन्मलेल्या या आजींची २०२० मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, जगातील सर्वांत वयोवृद्ध गेमिंग यूट्यूबर म्हणून गिनेस विश्वविक्रमांत नोंद झाली.

क्लृप्तीचा जन्म

खेळातील सर्वांत प्रसिद्ध चीट कोड लबाडीतून जन्मला नाही. जपानमधील कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो हे ‘ग्रॅडिअस’ या खेळाची घरगुती यंत्रासाठीची आवृत्ती तयार करत होते. ती १९८६ मध्ये आली. खेळ तपासून पाहायचा तर तो शेवटपर्यंत खेळायला हवा. पण तो इतका अवघड होता की खुद्द निर्मात्यालाच ते जमेना. म्हणून त्यांनी एक गुप्त क्रम घातला : वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. तो दाबताच खेळाडूच्या विमानाला सारी आयुधे मिळत. हा क्रम विक्रीच्या प्रतीतही राहिला. पुढे ‘कॉन्ट्रा’ या खेळात याच क्रमाने तीनऐवजी तीस जीव मिळू लागले आणि एका पिढीला तो तोंडपाठ झाला.

आपल्याकडे सायबर कॅफेच्या दिवसांत ‘जीटीए : व्हाइस सिटी’ खेळणारी मुले वहीच्या शेवटच्या पानावर असेच कोड लिहून ठेवत. त्यांतला ‘ॲस्पिरीन’ या गोळीच्या नावाचा कोड टंकला की नायकाची तब्येत क्षणात ठणठणीत होई. आज चाळिशीकडे झुकलेली तीच मुले आपल्या आईवडिलांची काळजी घेत आहेत. त्यांना क्लृप्तीचे मोल वेगळे सांगायला नको.

सवलत आता उघडपणे

गेल्या काही वर्षांत निर्मात्यांनी ही मदत चोरवाटेने न देता थेट सेटिंग्जच्या यादीत आणून ठेवली आहे. २०१८ च्या ‘सेलेस्ट’ या अत्यंत कठीण खेळात साहाय्यक पद्धत निवडता येते. खेळाचा वेग कमी करता येतो, दमछाक टाळता येते, हवे तर मृत्यूही. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’मध्ये गाडी रस्त्याबाहेर जाऊ नये म्हणून यंत्र सुकाणू सावरते आणि वेगाचे बटण सतत दाबून धरावे लागत नाही. या सोयी प्रत्येक खेळाडूला स्वतंत्रपणे निवडता येतात. त्यामुळे नातू पूर्ण कौशल्याने आणि आजोबा मदतीसह, असे दोघेही एकाच शर्यतीत उतरू शकतात. ‘माइनक्राफ्ट’मधील शांत पातळीवर हल्ला करणारे राक्षस नसतात, निवांतपणे घर बांधावे, शेती करावी. मोबाईलवरील पेशन्समधले ‘मागे घ्या’ बटण, सुडोकूतील चूक दाखवणारा रंग किंवा बुद्धिबळातील संगणकाची खालची पातळी, ही सारी याच कुटुंबातली भावंडे.

मीठ चवीपुरते

मग सगळ्याच सवलती घ्याव्यात का? नाही. आव्हान आणि कौशल्य यांचा मेळ बसला की माणूस कामात रंगून जातो, असे मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंतमिहायी यांनी दाखवले. आव्हान फार झाले तर धास्ती वाटते, फारच कमी झाले तर कंटाळा येतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांचा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ६० ते ८५ वयोगटातील व्यक्तींनी गाडी चालवता चालवता खुणा ओळखण्याचा, खास घडवलेला खेळ खेळला. खेळाडूच्या क्षमतेप्रमाणे खेळाची काठिण्यपातळी आपोआप बदलत असे. दोन कामे एकाच वेळी करण्याची त्यांची क्षमता सुधारली आणि सहा महिन्यांनंतरही ती टिकून होती. यावरून बाजारातला कोणताही खेळ विस्मरण बरे करतो, असा अर्थ कोणी काढू नये. मात्र खेळाने खेळाडूच्या पायरीवर यावे, हे सूत्र घेण्याजोगे आहे.

म्हणून सवलत एकेक करून घ्यावी. आधी अक्षरे मोठी करावीत, मग वेळेची मर्यादा काढावी, त्यानंतर वेग कमी करावा. खेळाडू कधी हरतो, कधी जिंकतो आणि ‘आणखी एक डाव’ म्हणतो, अशी पायरी सापडली की तेथे थांबावे. हात सरावला की एखादी सवलत कमी करून पाहावी.

काळजी घेणाऱ्यांसाठी

येथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. अंगणातल्या लहानग्याला इतर जण कच्चा लिंबू ठरवतात. ज्येष्ठाने ते स्वतः ठरवायचे असते. ‘वेग थोडा कमी करू का?’ असे विचारावे. त्यांच्या नकळत सेटिंग बदलणे किंवा मुद्दाम हरणे टाळावे. आयुष्यभर माणसे पारखलेल्या व्यक्तीला खोटा विजय पटकन ओळखू येतो आणि तो हरण्यापेक्षा अधिक बोचतो. उघडपणे मागून घेतलेल्या सवलतीत मान असतो, गुपचूप दिलेल्या सवलतीत कीव.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत जिंकणे हा हेतूच नसावा. वेळेचे बंधन नसलेला, हार नसलेला, ओळखीच्या चित्रांचा किंवा संगीताचा खेळ निवडावा. अस्वस्थता दिसताच, कारण न विचारता, खेळ थांबवावा.

काही पथ्ये

दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे किमान वीस सेकंद पाहावे आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. फेफऱ्याचा त्रास असल्यास लुकलुकणाऱ्या दृश्यांचे खेळ सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. जेवण, झोप, औषधे आणि माणसे मागे पडू लागली, तर खेळ सोपा की अवघड हा प्रश्न गौण ठरतो. अनावर गेमिंगला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत स्थान दिले आहे.

सवलत विकत घ्यावी लागत असेल तर दुप्पट सावध राहावे. ‘कँडी क्रश’सारख्या खेळात पाच जीव संपले की नवा जीव अर्ध्या तासाने मिळतो, किंवा पैसे देऊन लगेच. वाट पाहावी, तेवढ्यात चहा होतो. फोनमध्ये खरेदीसाठी पासवर्ड लावून ठेवावा. ‘फुकट नाणी’, ‘अमर्याद जीव’ अशी आमिषे दाखवणारी अनोळखी ॲप उतरवू नयेत आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा भारताच्या संसदेने २०२५ मध्ये केला आहे. त्या वाटेला जाऊच नये.

आणि शेवटचे पथ्य अंगणातलेच. समोर दुसरा माणूस खेळत असेल आणि त्याच्या नकळत आपण क्लृप्ती वापरली, तर तो रडीचा डाव. आपण एकटेच असू, किंवा समोरच्याला सांगून सवलत घेतली असेल, तर ती खेळात राहण्याची रीत. नातवंडांना हा फरक समजावून सांगायला आजी-आजोबांइतके योग्य दुसरे कोण आहे? येत्या रविवारी त्यांच्याकडे टॅब्लेट मागा आणि निःसंकोचपणे म्हणा, ‘मी कच्चा लिंबू. चल, सुरू कर!’