रात्रीची झोप मोडली की शरीरात ‘दाह’ का वाढतो? आणि त्याचा मनाशी काय संबंध?

कोल्हापुरात गणेश चतुर्थी म्हटली की राजारामपुरीतल्या आगमन मिरवणुका आल्याच. मुख्य रस्त्यावर एकामागून एक मंडळं, स्पीकरच्या भिंती, लेझरचे झोत आणि ते बघायला लोटलेली गर्दी. नियमाप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हवेत. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवता येते, आणि त्यातले बरेच दिवस गणेशोत्सवातच खर्ची पडतात.

पण बाराला आवाज थांबला म्हणून साडेबाराला झोप लागतेच असं नाही. कान वाजत राहतात, छातीतला ठोका उतरत नाही, आणि डोळा लागेपर्यंत तीन वाजतात. सकाळी अंग जड आणि विनाकारण चिडचिड. ‘झोप झाली नाही, दुसरं काय’ म्हणून विषय संपतो. शरीरात मात्र तो संपलेला नसतो.

एका रात्रीत काय बदलतं?

अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ मायकल अर्विन यांच्या गटाने २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३० निरोगी माणसांना रात्री ११ ते ३ जागं ठेवलं आणि मग झोपू दिलं. म्हणजे साधारण मिरवणुकीच्या रात्रीचंच वेळापत्रक. सकाळी त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासल्या, तर दाह वाढवणारी ‘आयएल-६’ आणि ‘टीएनएफ’ ही रसायनं त्या नेहमीपेक्षा जास्त तयार करत होत्या.

दाह म्हणजे काय, हे आपल्याला जखमेवरून माहीत असतं. कापलेली जागा लाल होते, सुजते, गरम लागते. रोगप्रतिकारशक्ती तिथे कामाला लागलेली असते. जखम भरली की हे थांबायला हवं. झोप सतत मोडत राहिली, तर जखम नसतानाही हे काम मंद आचेवर चालू राहतं. गाढ झोपेत रक्तदाब आणि हृदयाची गती खाली येते. आवाजाने झोप चाळवली की उलट होतं. ‘संकट आलं’ असा निरोप मज्जासंस्था पाठवते, ताणाची संप्रेरकं वाढतात आणि पांढऱ्या पेशी सावध होतात. जाग आल्याचं सकाळी आठवतही नाही, तरी हे घडतं.

याच गटाने २०१६ मध्ये ७२ अभ्यासांमधली ५० हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली. झोपेच्या तक्रारी असलेल्यांमध्ये ‘आयएल-६’ आणि ‘सीआरपी’ जास्त आढळलं. म्हणून लगेच लॅबमध्ये जाऊन सीआरपी तपासून घ्यायची गरज नाही. साध्या सर्दीने, हिरड्यांच्या दुखण्याने, वाढलेल्या वजनानेही तो आकडा वर जातो.

दाह मनापर्यंत कसा पोहोचतो?

ताप आल्यावर माणूस कसा होतो ते आठवा. कुणाशी बोलू नये, काही खाऊ नये, नुसतं पडून राहावं असं वाटतं. ती मरगळ फक्त तापाची नसते. दाहाची रसायनं मेंदूला ‘आता आराम कर’ असं सांगत असतात. हेच निरोप महिनोन्महिने येत राहिले तर?

याचं ठळक उदाहरण औषधोपचारातून मिळालं. हेपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. हे औषध प्रतिकारशक्तीला चेतवतं. ते घेणाऱ्या अनेकांना, आधी तसा काही त्रास नसतानाही, उपचारादरम्यान नैराश्य आलं.

अर्थात एका मिरवणुकीने कुणाला नैराश्य येत नाही, आणि प्रत्येक नैराश्यामागे दाह असतोच असंही नाही. शिवाय हा रस्ता दुहेरी आहे. मन खचलं की झोप जाते, झोप गेली की मन आणखी खचतं. खरा धोका आहे तो रोज झोप मोडणाऱ्यांना. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत रात्रपाळी करून दिवसा झोपू पाहणारा कामगार, वॉर्डमधली नर्स, तान्ह्या बाळाची आई. त्यांची मिरवणूक वर्षभर चालू असते.

झोप सुधारली तर फरक पडतो का?

पडतो, आणि या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. अर्विन यांच्याच गटाने निद्रानाश असलेल्या, पण नैराश्य नसलेल्या, साठीपुढच्या २९१ जणांना तीन वर्षं पाहिलं. निम्म्यांना झोपेविषयी फक्त माहिती दिली, तर निम्म्यांना ‘सीबीटी-आय’ ही गोळ्यांशिवायची उपचारपद्धती शिकवली. उठायची वेळ रोज एकच ठेवणं, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडणं, झोपेविषयीची भीती कमी करणं असं तिचं स्वरूप आहे. २०२२ मध्ये निकाल आले: पहिल्या गटात सुमारे २६ टक्के लोकांना नैराश्य आलं, दुसऱ्या गटात सुमारे १२ टक्के.

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही किंवा मोडते, आणि हे तीन महिने चाललंय, तर डॉक्टरांना दाखवा. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर त्याहून आधी. झोपेसोबत दोन आठवडे उदासीही असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर चोवीस तास कधीही, मराठीतूनही बोलता येतं.