सावंगीचं लॅटिन, सालोडचं संस्कृत

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की शहर संपतंय न संपतंय तोच सावंगी (मेघे) येते. १९९० साली इथं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्यानंतर गावाचं अर्थकारण खोल्या, मेस आणि झेरॉक्सच्या दुकानांभोवती फिरू लागलं. त्याच रस्त्यानं थोडं पुढे गेलं की सालोड (हिरापूर). सावंगीचं महाविद्यालय ज्या अभिमत विद्यापीठाचं, त्याचंच महात्मा गांधी आयुर्वेद महाविद्यालय तिथं आहे. म्हणजे सावंगीची मुलं शरीराचे अवयव लॅटिन आणि ग्रीक नावांनी घोकतात, तर सालोडची मुलं तेच शरीर संस्कृत सूत्रांतून शिकतात. युरोपच्या आणि भारताच्या अभिजात भाषा इतक्या जवळजवळ नांदाव्यात अशा जागा महाराष्ट्रात फार नसतील. मात्र दोन्हीकडच्या बहुतेक मुलांना त्या भाषा पाठ असतात, वाचता येत नाहीत.

चेहऱ्यावरच्या एका चिमुकल्या स्नायूचं नाव आहे ‘लेव्हेटर लेबिआय सुपिरिओरिस अलीक्वी नेसाय’. व्हायवाच्या आदल्या रात्री ते मंत्रासारखं म्हटलं जातं. खरं तर तो सरळ पदसमूह आहे. ‘लेव्हेटर’ म्हणजे उचलणारा आणि ही प्रथमा. ‘लेबिआय सुपिरिओरिस’ म्हणजे वरच्या ओठाचा. इथं नाम षष्ठीत आहे आणि विशेषणही नामामागोमाग षष्ठीत गेलं आहे. ‘अलीक्वी’ला शेवटी चिकटलेलं ‘क्वी’ म्हणजे ‘आणि’, संस्कृतातल्या ‘च’सारखं शब्दाच्या मागून येणारं; भाषाशास्त्रज्ञ ही दोन्ही अव्ययं सख्खी भावंडं मानतात. राहिलं ‘अली नेसाय’, म्हणजे नाकाच्या पंखाचा, नाकपुडीचा. थोडक्यात, वरचा ओठ आणि नाकपुडी उचलणारा. दहावीला ‘रामः रामौ रामाः’ म्हटलेल्या मुलीला हे दहा मिनिटांत कळतं, पण तिला ते सांगायला कुणी बसत नाही. १८९५ साली युरोपातल्या शरीररचनातज्ज्ञांनी बाझेलला अवयवांच्या नावांची पहिली आंतरराष्ट्रीय लॅटिन यादी मंजूर केली. हजारो पर्यायी नावांचा पसारा त्यांनी साडेपाच हजारांच्या आसपास आणून ठेवला. त्या यादीच्या वारसदार याद्या आजही पाठ होतात, त्यामागचं व्याकरण मात्र अभ्यासक्रमात नाही. बी.डी., टी.डी.एस., एस.ओ.एस. ही चिठ्ठीवरची अक्षरंही लॅटिनच. फार्मसीवाल्यांनाही ती तोंडपाठ असतात, ती कशाची आद्याक्षरं आहेत ते सांगणारे मोजके.

या भाषा शिकायची जुनी जागा म्हणजे शाळेचा वर्ग नव्हे, शिकवणी. आपल्याकडे तर हे फारच खरं आहे आणि त्या शिकवणीचा इतिहास वाटतो तितका सोवळा नाही. त्यात पैसा आहे, परीक्षा आहे, दार लावून घेणारे आहेत आणि त्या दाराला वळसा घालून गेलेलेही आहेत.

परीक्षेपासून सुरुवात करू. १८५४ साली मेकॉलेच्या समितीनं आयसीएससाठी गुणांची वाटणी सुचवली. त्यात ग्रीकला ७५०, लॅटिनला ७५० आणि संस्कृतला ३७५ गुण होते. राज्य करायचं भारतावर, पण होमर येणाऱ्याला कालिदास येणाऱ्याच्या दुप्पट गुण! लंडनमध्ये अशा परीक्षांची तयारी करून घेणारे ‘क्रॅमर’ मास्तर होते, आणि जहाजानं तिथं पोचलेल्या हिंदी मुलांना घरी कधी कानावर न पडलेल्या भाषेत इंग्रज पोरांशी स्पर्धा करायची होती. १८६९ साली हे दिव्य पार केलेल्यांत आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर होते. आयसीएसच्या मांडवातली ही तयारी म्हणजे आजच्या कोचिंगची आजी म्हणायला हरकत नाही.

लंडनच्या अशाच एका खासगी वर्गात सेवाग्रामचे बापू लॅटिन शिकले. बॅरिस्टरीसाठी गेलेल्या गांधींनी सोबत लंडनची मॅट्रिक द्यायचं ठरवलं आणि त्यात लॅटिन सक्तीचं होतं. वकिलाला लॅटिनचा उपयोग होतो असं एका मित्रानं पटवलं होतं. मॅट्रिकच्या खासगी वर्गात नाव घातलं, हातात जेमतेम पाच महिने. पहिल्या खेपेला लॅटिनमध्ये नापास झाले, पुढच्या खेपेला सुटले. आत्मकथेत हे त्यांनीच सांगितलं आहे. राजकोटच्या शाळेत संस्कृत अवघड वाटलं म्हणून ते फारसीच्या वर्गात जाऊन बसले होते आणि कृष्णशंकर पंड्या मास्तरांनी समजूत घालून त्यांना परत आणलं होतं, हेही तिथंच आहे. म्हणजे दोन्ही अभिजात भाषांत त्यांचं प्रगतिपुस्तक साधारणच. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या पुढचं. परीक्षा झाल्यावर गांधींनी रोमन कायदा मुळातून, लॅटिनमध्ये वाचायला घेतला, सम्राट जस्टिनियनच्या कायदेसंग्रहासकट. दक्षिण आफ्रिकेत रोमन-डच कायदा चालायचा, तिथं ते वाचन कामी आलं. लॅटिन त्यांना आलं ते या दुसऱ्या टप्प्यात, असं मी म्हणेन. क्लासनं फक्त उंबरठा ओलांडून दिला.

आता उलटी बाजू. पेशवाईच्या अखेरीस रामचंद्रशास्त्री साठे पुण्याच्या वाड्यात दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवत. त्यांचा एक तरुण विद्यार्थी, अनंतशास्त्री डोंगरे, ते पाहून चक्रावला. बाई संस्कृत शिकू शकते? पुढे त्यानं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकवायला घेतलं. लोकांनी वाळीत टाकल्यासारखं केलं, तेव्हा सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जाऊन बिऱ्हाड थाटलं. १८५८ साली तिथं जन्मलेल्या रमाबाईला संस्कृत आईनं शिकवलं. आईवडील दुष्काळात गेले. १८७८ साली कोलकात्यात पंडितांनी या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ ही पदवी दिली. पेशव्यांच्या वाड्यातली एक खासगी शिकवणी दोन पिढ्यांत कुठवर पोचली! रमाबाई पुढे इंग्लंडला गेल्या, १८८४ ते ८६ या काळात चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात राहून स्वतः शिकल्या आणि संस्कृत शिकवलंही. उत्तरायुष्यात केडगावला त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबल थेट मुळातून साध्या मराठीत आणलं. त्या १९२२ साली गेल्या, पूर्ण बायबल १९२४ साली त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यातून निघालं. ग्रीक मूळ समोर ठेवून इतकं मोठं काम त्या काळात मराठीत दुसऱ्या कुणा मराठी माणसानं केल्याचं मला आठवत नाही. पुढं विंदांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं, पुलंनी १९७९ साली ‘राजा ओयदिपौस’ दिलं. दोन्ही मोठी कामं, पण दोन्ही इंग्रजीच्या वाटेनं आलेली. रमाबाईंची वाट अवघड होती आणि त्या वाटेवर एकाही विद्यापीठाचा ग्रीक विभाग नव्हता.

विनोबांचा किस्सा आणखी वेगळा. बडोद्याच्या हायस्कुलात वडिलांची इच्छा फ्रेंचची आणि आईची संस्कृतची. शाळेत फ्रेंच घेतली, संस्कृत वेगळं शिकले. १९१६ साली गांधींकडे आले आणि १९१७ साली आश्रमातून एक वर्षाची रजा मागून वाईला गेले. तिथं प्राज्ञ पाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्याकडे त्यांनी उपनिषदं, ब्रह्मसूत्रं आणि शांकरभाष्य वाचलं. परीक्षा नाही, पदवी नाही. एका माणसाच्या पुढ्यात बसून ग्रंथ लावायचे, इतकंच. त्याच वाईत पुढचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी विनोबांकडून इंग्रजी शिकले. तर्कतीर्थांच्या इंग्रजीची सुरुवात अशी फी न घेता झाली. वर्ष पुरं झाल्यावर विनोबा ठरल्या दिवशी परत हजर. १९२१ मध्ये ते वर्ध्याचा आश्रम चालवायला आले आणि १९३० च्या ऑक्टोबरात इथंच ‘गीताई’ लिहायला बसले. वर्ध्याच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण गीताईच्या मागे वाईची ती शिकवणी उभी आहे हे क्वचितच बोललं जातं.

मात्र शिकवणी ज्याला मिळाली त्याचीच ही गोष्ट. बाबासाहेब आंबेडकरांना एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य म्हणून नकार मिळाला आणि फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या जिद्दीवर संस्कृतचा अभ्यास केला. तरीही १९४६ साली शूद्रांविषयीचं पुस्तक लिहिताना, संस्कृतात पारंगत नसताना या विषयाला हात का घातलात, या अपेक्षित आक्षेपाला त्यांना प्रस्तावनेतच उत्तर द्यावं लागलं. चाळीस वर्षांपूर्वी वर्गात ज्यांनी दार लावलं, त्यांच्याच परंपरेतले लोक नंतर विचारणार की तुम्ही आत का आला नाहीत. संस्कृतच्या खासगी शिकवणीचं कौतुक करताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही. शास्त्रीबुवांच्या ओसरीवर बसायला कुणाला मिळालं आणि कुणाला नाही, हा त्या ओसरीचा खरा अभ्यासक्रम होता.

परीक्षेला मी नावं ठेवत नाही. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आलेले चिंतामणराव देशमुख संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून बसले, १९१८ साली आयसीएसलाही पहिले आले, आणि रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांत बुडालेले असतानाही त्यांनी ‘मेघदूत’ मराठीत आणलं. शिष्यवृत्तीसाठी रटलेली विभक्ती पुढे कालिदासापर्यंत घेऊन गेली. पाठांतराची बदनामी करणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

गोव्याची तऱ्हा वेगळी. तिथं राशोलच्या सेमिनरीत पिढ्यानपिढ्या लॅटिन शिकवलं गेलं आणि ती भाषा रविवारच्या मिस्सेत कानावर पडे. १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा कोंकणीत आली आणि गोव्याच्या साध्या माणसाच्या कानातलं लॅटिन गेलं. भाषा टिकायला तोंड लागतं, शाळा नंतर.

आता आजच्या शिकवणीकडे. दहावीला पूर्ण संस्कृत शंभर गुणांचं, नाहीतर हिंदीबरोबर संयुक्त, पन्नास-पन्नास. पुस्तकांची नावं ‘आमोदः’ आणि ‘आनन्दः’. ती सुंदर आहेत आणि आतला मजकूरही बऱ्यापैकी आहे. पण पालक मास्तरीणबाईंना विचारतात ते एवढंच की शंभरपैकी शंभर मिळतील का. मिळतात, कारण बाईंकडे धातुरूपांचे तक्ते आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका तयार असतात. अकरावीला संस्कृत सुटतं आणि मुलगी नीटच्या क्लासला जाते. मग नीटमधून बीएएमएसला आली तर पहिल्याच वर्षी ‘संस्कृत आणि आयुर्वेद इतिहास’ हा विषय पुढ्यात असतो, सोबत संहिता आणि वाग्भटाचं ‘अष्टांगहृदय’. दोन वर्षांत ‘रामः रामौ’ पुसलेलं. दहावीला शंभरपैकी शंभर घेतलेली मुलगी सालोडच्या वर्गात पदच्छेदाला अडखळते तेव्हा तिचा दोष नसतो. तिला सोडवायला शिकवलं होतं, वाचायला नव्हे.

प्रौढांसाठी वाट बरी आहे. भारतीय विद्या भवनाच्या बालबोध, प्रारंभ, प्रवेश, परिचय, कोविद या परीक्षा आहेत, संस्कृत भारतीची संभाषण शिबिरं आहेत, रामटेकला १९९७ सालापासून कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे. लॅटिन आणि ग्रीक शिकवणारे गुरुजी मोबाइलवर सापडतात, इंग्रजीतून, परदेशातल्या वेळेला. मराठीतून लॅटिन शिकवणारा कुणी भेटला तर मी पहिल्या बाकावर बसेन. संस्कृत आधी आलेल्या मराठी माणसाला लॅटिन मराठीतून शिकवणं हाच सरळ रस्ता आहे. आठ विभक्त्या ओळखीच्या असलेल्याला लॅटिनच्या सहा फार जड नाहीत, आणि इंग्रजीतून शिकवताना ज्या गोष्टी आठवडाभर समजवाव्या लागतात त्या आपल्याकडे शाळेतच झालेल्या असतात.

म्हणून सावंगीत एक शिकवणी निघावी असं वाटतं, सावंगी आणि सालोड दोन्हीकडच्या मुलांसाठी एकत्र. आठवड्यातून दोन संध्याकाळी, तीन महिने. पहिला महिना स्नायूंच्या नावांवर; प्रत्येक नावाचा पदच्छेद सालोडच्या मुलांनी करायचा आणि स्नायू कुठं आहे ते सावंगीच्या मुलांनी दाखवायचं. दुसरा महिना ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानातला एकच अध्याय, पण सगळा, टीकेसकट. तिसऱ्या महिन्यात ज्याला हवं त्यानं लॅटिनचं एक पान घ्यावं, जस्टिनियनचं घेतलं तरी चालेल, सेवाग्राम जवळच आहे. परीक्षा नको, प्रमाणपत्र मागितलंच तर द्यावं. फी मात्र घ्यावी. फुकटच्या शिकवणीला मुलं दुसऱ्या आठवड्यापासून यायची थांबतात, आणि शिकवणाऱ्या बाईंनाही घरभाडं असतं.